बेवारस दप्तरे

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, टोकाईच्या डोंगराजवळ, हळदीच्या आणि उसाच्या शिवारात वसलेले कुरुंदा हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रामुख्याने एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म नांदापूरचा आणि कर्मभूमी नांदेडची. परंतु घराण्याचे मूळ गाव हे, आणि त्यामुळे मराठी वैचारिक वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे दाखल झालेले आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशीही पुरी झालेली नसताना, कुरुंदकर अकस्मात गेले, त्या वेळी त्यांच्या लेखनाचा बराच मोठा भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावयाचा होता. नियतकालिकांत, दिवाळी अंकांत, इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावनांत आणि व्याख्यानांच्या टिपणांत तो विखुरलेला होता. स्नेह्यांनी आणि प्रकाशकांनी तो पुढे यथावकाश गोळा केला आणि ‘व्यासांचे शिल्प’ यासारखी पुस्तके लेखकाच्या पश्चात वाचकांच्या हाती पडली. हे घडू शकले याचे श्रेय स्नेह्यांच्या निष्ठेला आहेच; परंतु त्याहून साधे असे एक भौतिक कारणही त्यामागे होते. तो मजकूर छापलेला होता. त्याच्या शेकडो प्रती निरनिराळ्या गावच्या वाचनालयांत आणि घरांच्या फडताळांत, कोणाच्या हुकमाची वाट न पाहता, पडून राहिलेल्या होत्या. आणि एखादे मासिक बंद पडले तरी त्याचे मागील अंक वर्गणीदारांच्या घरांतून उठून जात नसतात.

गेल्या तीस वर्षांत मराठी माणसाने हौसेपोटी जे लेखन, संकलन आणि संपादन केले त्याच्या एका मोठ्या हिश्शाला ही शाश्वती लाभलेली नाही, कारण तो कागदावर कधी उतरलाच नाही. तो संकेतस्थळांवर राहिला. हौशी संकेतस्थळ या शब्दाने मला येथे असे स्थळ अभिप्रेत आहे, की जे कोणत्याही सरकारी खात्याने, वृत्तपत्राने अथवा व्यापारी पेढीने उभारलेले नसून, एखाद्या व्यक्तीने किंवा चार समानधर्मी स्नेह्यांनी, केवळ विषयाच्या प्रेमाखातर, पदरचा पैसा आणि रात्रीची झोप खर्ची घालून चालविलेले असते. कोणी गडकिल्ल्यांच्या वाटा नोंदविल्या, कोणी नाट्यगीते आणि भावगीते जमविली, कोणी संतांच्या गाथा अक्षरशः ओळीमागून ओळ टंकलिखित केल्या, कोणी नाणी, कोणी पक्षी, कोणी पाककृती यांची दप्तरे बांधली. या स्थळांचा उदय कसा झाला, ती भरास कशी आली आणि त्यांतील पुष्कळशी नाहीशी का झाली, हा वृत्तान्त आपल्या वाङ्मयीन इतिहासाचाच एक अध्याय मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसे पाहिले तर हौसेवर चालणारे प्रकाशन मराठीला नवीन नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये थांबले. त्या आठ वर्षांत त्याने द्रव्य मिळविले नाही, पण मराठी पत्रसृष्टीचा पाया घातला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून सात वर्षे चालली, तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एका हाताने लिहिलेला होता. तो हात अन्य कार्यांकडे वळला आणि माला संपली. याच्या उलट, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या संपादकत्वाखाली १८६७ मध्ये सुरू झालेला ‘विविधज्ञानविस्तार’, गुंजीकरांनंतर दुसऱ्यांनी आणि दुसऱ्यांनंतर तिसऱ्यांनी धुरा उचलल्यामुळे, १९३७ पर्यंत म्हणजे सत्तर वर्षे तग धरून राहिला. एकाच्या प्रतिभेवर उभे राहिलेले प्रकाशन आणि वारस लाभलेले प्रकाशन यांच्या आयुर्मर्यादेतील हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे; पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म मला याच फरकात दिसते.

भारतात विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु मराठी संकेतस्थळांचा उगम पुण्यामुंबईत शोधण्यापेक्षा अमेरिकेतील विद्यापीठांच्या आणि संगणक कंपन्यांच्या परिसरात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तेथे शिकावयास किंवा नोकरीस गेलेल्या तरुणांना संगणक आणि जाळे ही दोन्ही साधने जवळजवळ फुकट आणि अहोरात्र उपलब्ध होती, आणि ज्या भाषेत ते वाढले ती भाषा मात्र कानांवर पडत नव्हती. साधनांची सुलभता आणि भाषेची तहान या दोहोंच्या योगातून अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू केली. मराठीतील पहिल्या काही संकेतस्थळांत तिची गणना होते आणि ती आजही चालू आहे. मराठीपुरतीच ही गोष्ट होती असे नाही. सायमन किंग यांनी मिनेसोटा विद्यापीठात असताना १९९३ मध्ये सुरू केलेले ‘क्रिकइन्फो’ हे मायदेशातील सामन्यांचे धावफलक कळेनात म्हणून व्याकूळ झालेल्या विद्यार्थ्यांच्या श्रमदानावर वाढले, आणि त्या स्वयंसेवकांत भारतीय विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा होता. पुढे २००३ मध्ये ते ‘विस्डेन’च्या आणि २००७ मध्ये ‘ईएसपीएन’च्या ताब्यात गेले. हौशी उद्योगाला धनिक वारस मिळाल्याचे ते उदाहरण होय. मराठी स्थळांच्या नशिबी असा वारस येणे नव्हते, कारण मराठी वाचकाच्या मागे जाहिरातदारांची रांग कधीच उभी नव्हती.

ज्यांना विद्यापीठाचा संगणक नव्हता त्यांच्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘जिओसिटीज’ने मोफत जागा देऊ केली. तेथे विषयवार वस्त्या पाडलेल्या होत्या आणि कोणीही यावे, आपल्या छंदाची दोन पाने लावावीत, अशी मुभा होती. १९९९ मध्ये ‘याहू’ने साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीस ही कंपनी विकत घेतली, यावरून तिच्या वस्तीचा अंदाज यावा. मराठी हौशी मंडळींची आरंभीची कितीतरी पाने याच मोफत जागेवर उभी राहिली होती.

मराठी माणसाला मात्र पाने लावण्याच्या आधी एक अडचण ओलांडावी लागे आणि ती इंग्रजीभाषकाच्या स्वप्नातही येण्याजोगी नव्हती. ही अडचण लिपीची. तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण मराठी स्थळांच्या उदयाला ती जितकी आड आली तितकीच त्यांच्या नाशालाही ती कारणीभूत झाली. संगणक अक्षर साठवितो ते आकड्याच्या रूपाने. त्या काळच्या बहुतेक व्यवस्थांत एका फाँटात २५६ आकड्यांपुरतीच जागा असे आणि ती रोमन अक्षरांसाठी आखलेली होती. देवनागरी फाँट तयार करणाऱ्यांनी युक्ती अशी काढली, की रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे किंवा त्याच्या तुकड्याचे चित्र बसवावयाचे: कोठे अर्धा ‘क’, कोठे काना, कोठे वेलांटी, कोठे रफार. वाचकाच्या संगणकावर तो विशिष्ट फाँट असला म्हणजे पडद्यावर सुरेख मराठी दिसे; नसला म्हणजे त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य गर्दी उमटे. याहून बिकट गोष्ट अशी, की हे तुकडे कोणत्या आकड्यावर बसवावयाचे याविषयी फाँट करणाऱ्यांत कोणताही तहनामा नव्हता. ‘शिवाजी’ फाँटातील आकडा एक, ‘शुषा’तील दुसरा, ‘श्रीलिपी’तील तिसरा, पुण्याच्या सीडॅकच्या ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ या टंकांतील चौथा. प्रत्येक स्थळाच्या दारात ‘प्रथम अमुक फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना लावलेली असे, आणि तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने संगणक वापरणाऱ्या वाचकाला, ज्याला त्या यंत्रावर काहीही बसविण्याची परवानगी नसे, त्या दारातूनच परतावे लागे.

या अव्यवस्थेवरील उपाय कागदोपत्री केव्हाच तयार झालेला होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे प्रमाण १९८८ मध्ये ठरले होते आणि त्याच्या आधारे युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग बहाल झालेला होता. युनिकोडात आकडा चित्राला मिळत नाही, तो वर्णाला मिळतो. ‘क’चा आकडा जगातील सर्व यंत्रांवर तोच राहतो, मग त्याचे चित्र कोणत्याही फाँटाने काढावे. परंतु प्रमाण ठरणे आणि ते कुरुंद्याच्या किंवा वसमतच्या टेबलावरील संगणकात उतरणे यांत दहाबारा वर्षे गेली. विंडोज २००० पासून त्याचा आधार मिळू लागला. त्यानंतरच्या एक्सपीतही तो चालू करण्यासाठी मूळ सीडी हुडकून आणावी लागे. युनिकोड आल्यावरही मराठीच्या खास गरजा मागेच राहिल्या होत्या. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ मध्ये. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील र दोन निराळ्या रीतींनी लिहिला जात राहिला; डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु यंत्राला ती भिन्न वाटतात, आणि त्यामुळे एका रीतीने लिहिलेला मजकूर दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याला आजही कित्येकदा सापडत नाही.

तथापि २००३–०४ पासून पुढील आठदहा वर्षे हा मराठी हौशी स्थळांचा खरा बहराचा काळ होता. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’ अशी लेखक आणि वाचक यांच्या सहभागावर चालणारी स्थळे एकामागून एक निघाली. ‘मनोगत’ने तर मराठीच्या शुद्धलेखनाची यांत्रिक तपासणी करून देण्याची सोय केली, आणि ती अशा काळात, की ज्या काळी मोठमोठ्या कंपन्यांच्या लिखाणयंत्रणांना मराठी शब्द हा केवळ लाल रेघ ओढण्याचा विषय वाटत असे. अलका विभास यांचे ‘आठवणीतली गाणी’ हे स्थळ पाहावे. त्यावर हजारो मराठी गीतांचे शब्द आहेत. त्यांच्यासोबत गीतकार, संगीतकार, गायक, नाटक अथवा चित्रपट आणि शक्य तेथे राग यांचीही नोंद आहे. एखाद्या विद्यापीठाच्या विभागाने अनुदान घेऊन करावे असे हे काम व्यक्तिगत चिकाटीने झालेले आहे, ही गोष्ट मला अत्यंत आदरणीय वाटते.

अशा स्थळाचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो हे समजण्यासाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कुरुंद्यातील एका शिक्षकाला हैदराबाद संस्थानच्या नाण्यांचा नाद आहे. मराठवाड्यात हा नाद स्वाभाविक होय, कारण निजामाचा हाली सिक्का येथील जुन्या घरांतील डब्यांत अजूनही सापडतो: ज्याचे सात रुपये इंग्रजांच्या सहा कलदार रुपयांबरोबर मानले जात, ज्याच्यावर चारमिनार आहे, हिजरी सन आहे आणि चारमिनारच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर आहे. निजाम उस्मान अलीच्या नाण्यांवरील ‘ऐन’ या अक्षराच्या घडणीतील सूक्ष्म भेदांवरून संग्राहक टाकसाळीचे ठसे ओळखतात. या विषयावर मराठीत फारसे सोपे लेखन नाही, म्हणून गुरुजी स्वतःच स्थळ उघडावयाचे ठरवितात.

त्यांना तीन गोष्टी पैदा कराव्या लागतात. पहिली म्हणजे नाव, ज्याला व्यवहारात डोमेन म्हणतात. हे नाव विकत मिळते असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते मक्त्याने मिळते. वर्षाचा, फार तर एका वेळी दहा वर्षांचा, खंड भरावयाचा आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावयाचे. दुसरी म्हणजे जागा, अर्थात सतत चालू असणाऱ्या दूरच्या संगणकावरील भाड्याचा कोपरा. तिसरी म्हणजे पाने रचणारी आणि वाचकांचा मजकूर साठविणारी प्रणाली. ती ड्रुपल किंवा वर्डप्रेस या रूपाने मोफत मिळते, परंतु तिची डागडुजी मोफत होत नाही. या तिन्हींचा वार्षिक खर्च मध्यमवर्गीय गृहस्थाला झेपणारा असतो. खरा खर्च निराळाच आहे. छायाचित्रे काढणे, ती लहानमोठी करणे, तवारिखा ताडून पाहणे, नांदेडच्या किंवा हैदराबादच्या संग्राहकाला पत्र धाडून शंका विचारणे, आलेल्या उत्तराप्रमाणे जुने पान दुरुस्त करणे, आणि हे सारे शाळा, शेती व संसार सांभाळून उरलेल्या वेळात करणे.

पहिले वर्षभर वाचक फिरकत नाही. मग एके दिवशी सोलापूरहून कोणी आजोबांच्या पेटीतील नाण्याचे छायाचित्र पाठवून ‘हे कोणत्या सालचे?’ असे विचारतो, औरंगाबादेहून कोणी एका पानातील चूक दाखवितो, परदेशातील एखादा अभ्यासक आपल्याजवळच्या ठशाची प्रतिमा पाठवितो, आणि एका माणसाचा नाद हळूहळू एक सामायिक विद्याशाखा होऊ लागतो. जो विषय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कधी येणार नाही आणि ज्यावरील पुस्तकाच्या पाचशे प्रतीही खपणार नाहीत, त्याला कुरुंद्यासारख्या गावी बसून जगभरातील शंभर जाणकारांचे मंडळ मिळते. मराठी ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने या माध्यमाची सर्वांत मोठी देणगी हीच, असे मी मानतो.

ऱ्हास कसा होतो, हे सांगताना सामान्यतः एकच नाव घेतले जाते: फेसबुक. त्या आरोपात तथ्य आहे. २००६ च्या अखेरीपासून ते सर्वांना खुले झाले. पुढे व्हॉट्सॲप आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील ज्या माणसाने संगणकावर बोट कधी ठेवले नव्हते तोही एकदम भ्रमणध्वनीवरून जाळ्यात आला. ही घटना लोकशाहीच्या दृष्टीने स्वागतार्हच होती. परंतु हा नवा वाचक स्थळाचा पत्ता लिहून तेथे जाणारा नव्हता; जे त्याच्या हातातील पडद्यावर आपोआप येईल ते वाचणारा होता. अनेक स्थळांवरील नवे लेखन एका ठिकाणी आणून देणारे ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि नियमित वाचकाला बांधून ठेवणारा एक धागाही त्याबरोबर तुटला. स्थळावरील मजकूर उचलून, संकलकाचे नाव गाळून, व्हॉट्सॲपवर फिरविण्याची वहिवाट पडली. ज्याने एका नाण्याचे साल निश्चित करण्यासाठी महिना घातला, त्याला आपलेच वाक्य अनामिक होऊन आपल्याकडे परत आलेले पाहावे लागले. त्याचा उत्साह मावळला तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरे कारण डागडुजीचे. कागदावर छापलेले पान एकदा छापले की त्याच्याकडे कोणी न पाहताही ते पान राहते; संकेतस्थळाचे पान हे प्रत्येक क्षणी चालू असलेल्या यंत्रणेचे फलित असते, आणि ती यंत्रणा सतत बदलत असते. पुष्कळ मराठी स्थळे ज्या पीएचपी नावाच्या संगणकभाषेवर चालत, तिच्या पाचव्या पिढीचा आधार २०१८ च्या अखेरीस काढून घेण्यात आला. जागा भाड्याने देणाऱ्यांनी जुनी आवृत्ती क्रमाक्रमाने उतरविली आणि ज्यांनी आपली प्रणाली नवी केली नाही त्यांच्या पानांवर मजकुराऐवजी त्रुटींच्या सूचना दिसू लागल्या. त्याच वर्षीच्या जुलैपासून क्रोम ब्राउझरने, कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक स्थळाच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारावयास प्रारंभ केला. अभंगांची निरुपद्रवी गाथा उघडणारा वृद्ध वाचक तो शेरा पाहून घाबरून परत फिरला, तर ते साहजिक होते.

द्रव्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गूगलची जाहिरातयोजना २००३ मध्ये आली. हिंदीला तिची दारे उघडली ती २०१४ च्या अखेरीस, आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षे तिष्ठत राहावे लागले. तोवर ज्यांनी बंद करावयाचे त्यांनी केले होते. उत्पन्नाच्या अभावी हौशी काम थांबते हे मला फारसे पटत नाही. ते उत्पन्नासाठी सुरूच झालेले नसते.

हौशी स्थळाचा घात मुख्यतः होतो तो वारसाच्या अभावाने. वाचक कमी झाले तरी स्थळ उभे राहू शकते. डागडुजी राहिली तरी काही वर्षे रेटता येते. परंतु नावाचा खंड भरणारी व्यक्ती आजारी पडली, परगावी गेली, कंटाळली किंवा वारली, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ परवलीचा शब्द नसला, म्हणजे उरतात त्या नूतनीकरणाच्या काही आठवड्यांच्या सवलतीच्या मुदती. त्या संपल्या की नाव पुन्हा खुल्या बाजारात येते, आणि ते उचलण्यास टपलेले लोक त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतात. इतर स्थळांनी आणि पुस्तकांनी त्या पत्त्याचा जो हवाला दिलेला असतो, तो वाचकाला आता तिकडे घेऊन जातो. इकडे जागेचे भाडे थकले म्हणजे भाड्याच्या संगणकावरील मजकूर पुसला जातो. घरच्या माणसांना त्याची कल्पनाही नसते. शेताचा सातबारा कोणाच्या नावे करावयाचा याची चर्चा गावात वर्षानुवर्षे होते, पण वडिलांनी पंधरा वर्षे राबून जमविलेल्या दप्तराची किल्ली कोठे आहे, हा प्रश्न मुलांनी त्यांना विचारलेलाच नसतो.

जेथे मालक एक व्यक्ती नसून मोठी कंपनी असते तेथेही शाश्वती नसते, हे ‘जिओसिटीज’ने दाखवून दिले. ‘याहू’ने २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती वसाहत बंद केली. लक्षावधी पाने एका दिवसात गेली असती. ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने शेवटच्या महिन्यांत अहोरात्र खपून त्यांतील मोठा भाग उतरवून घेतला, म्हणून तेवढा तरी राहिला. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने स्थळांच्या नकला ठेवण्याचे व्रत घेतलेले आहे आणि २००१ पासून त्या नकला सर्वांना पाहता येतात. मावळलेल्या अनेक मराठी स्थळांची काही पाने आज तेथेच भेटतात. परंतु ही नक्कल सर्वांगपरिपूर्ण नसते. शोधाच्या चौकटीत शब्द भरल्यावरच जी पाने तयार होत, ती बहुधा तेथे नाहीत. मोठी छायाचित्रे कित्येकदा नाहीत. आणि जी पाने जुन्या फाँटांत लिहिलेली होती ती नकलेतही रोमन अक्षरांचीच गर्दी होऊन बसलेली आहेत.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली ती ग्रंथालये पालथी घालून, प्रत्येक पुस्तक नजरेखालून घालण्याचा आग्रह धरून. ते कामही मूळचे हौसेचेच होते. आज एखादे पुस्तक दुर्मीळ झाले तरी ते होते, अमक्या साली अमक्या ठिकाणी छापले गेले, एवढा दाखला आपणांस मिळतो तो दात्यांमुळे. मराठी संकेतस्थळांची अशी सूची माझ्या पाहण्यात नाही: कोणते स्थळ केव्हा निघाले, कोणी चालविले, कोणत्या फाँटात होते, केव्हा थांबले. हे काम एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही, आणि ज्यांनी ती स्थळे चालविली त्यांतील बहुसंख्य व्यक्ती आज हयात आहेत, म्हणून ते आताच व्हावयास हवे. नावे आणि साले त्यांच्या स्मरणात आहेत. आणखी वीस वर्षांनी ती विचारण्यास कोणी उरणार नाही.

जे चालू आहेत त्यांनी करावयाच्या तजविजी अवघड नाहीत. नावाचा आणि जागेचा कारभार दोन व्यक्तींच्या हवाली असावा आणि त्यांतील एक वयाने लहान असावी. सर्व मजकुराची साध्या स्वरूपातील नक्कल वर्षातून एकदा काढून ती निदान दोन गावी ठेवावी. आपल्या पश्चात हा मजकूर कोणी कसा वापरावा याचे लेखी मुखत्यारपत्र प्रत्येक पानाच्या तळाशी असावे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२ पासून याच कामासाठी मोफत उपलब्ध आहेत. विकिपीडियावरील लेख मूळ लेखकाच्या निवृत्तीनंतरही जिवंत राहतात याचे गमक त्या परवान्यात आहे: तेथे कोणीही वारस होऊ शकतो, त्याला कोणाच्या संमतीसाठी थांबावे लागत नाही. आपल्या काल्पनिक गुरुजींची नाण्यांची छायाचित्रे अशा परवान्याने विकिमीडियाच्या सामायिक भांडारात गेलेली असतील, तर त्यांचे स्थळ उद्या बंद पडले तरी हाली सिक्क्याच्या कमानीतील ‘ऐन’ पाहावयास मिळेल.

आणि जे बंद पडले त्यांतील बरेचसे वाटते तितके गेलेले नाही. जुन्या फाँटांतील मजकूर म्हणजे, वर सांगितल्याप्रमाणे, आकड्यांची एक ठराविक रचना होय. ‘शिवाजी’ किंवा ‘शुषा’ फाँटातील कोणत्या आकड्याला कोणता तुकडा होता याचा तक्ता हाती असला, म्हणजे ते तुकडे जोडून पुन्हा युनिकोड मराठी तयार करणारी साधने आज मोफत मिळतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असे ती नंतर न्यावी लागते, रफार मागे आणावा लागतो, आणि काही जोडाक्षरे हाताने दुरुस्त करावी लागतात. परंतु एक चिकाटीचा माणूस संध्याकाळच्या दोन तासांत पाचपन्नास पाने मार्गी लावू शकतो. ज्यांनी वीसपंचवीस वर्षांपूर्वी स्थळे चालविली त्यांच्या घरी त्या वेळच्या सीडी, जुन्या संगणकांच्या तबकड्या आणि नकला बहुधा कोठेतरी पडलेल्या आहेत. सीडीवरील थर कालांतराने खराब होतो, म्हणून प्रथम ती नव्या तबकडीवर उतरवावी, मूळ धारिकांना हात न लावता त्यांच्या नकलेवर काम करावे, आणि फाँटाची धारिका सापडल्यास तीही मजकुराजवळच जपून ठेवावी, कारण तिच्यावाचून त्या आकड्यांचा उलगडा कठीण होतो.